नोटीस कोणाकडे न्यायची?

१४ जुलै २०२५, सोमवार. विवरणपत्रं भरण्याचा हंगाम भरात आलेला. त्या दिवशी आयकर विभागाची पथकं देशभरात दीडशे ठिकाणी धडकली. एरवी अशी कारवाई म्हटलं की बिल्डर, सराफ, शेअर दलाल डोळ्यांपुढे येतात. या वेळी विभाग शोधत होता ते दुसऱ्यांची विवरणपत्रं भरून देणाऱ्यांना. न भरलेलं घरभाडं, न दिलेली देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेला आजार असं हवं ते विवरणपत्रात घालायचं आणि परतावा फुगवून द्यायचा, असा धंदा काही विवरणपत्र भरणाऱ्यांनी आणि मध्यस्थांनी मांडला होता. विभागाच्या निवेदनात ज्या राज्यांची नावं होती, त्यांत महाराष्ट्रही होता.

निवेदनात पुढे जे म्हटलं होतं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. या मध्यस्थांच्या जाळ्यात बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम, सरकारी खाती आणि शिक्षणसंस्थांमधले नोकरदार सापडले होते. म्हणजे शिकलेली, पगारातून कर कापला जाणारी माणसं. त्यांची विवरणपत्रं घाऊक भरण्यासाठी मध्यस्थांनी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले आणि काम झाल्यावर सोडून दिले. विभागाच्या नोटिसा त्याच पत्त्यांवर गेल्या आणि कुणी न वाचता पडून राहिल्या. छाप्यांच्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असंही त्या निवेदनात नमूद होतं.

या व्यवहारात कुणाच्या वाट्याला काय येतं, त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, जुन्या करपद्धतीत तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या एका पगारदाराने दीड लाखाची खोटी वजावट दाखवली. उपकर धरून त्याला ४६,८०० रुपये जास्तीचा परतावा मिळाला आणि त्यातले दहा टक्के, म्हणजे ४,६८० रुपये, भरून देणाऱ्याने घेतले. पुढे प्रकरण उघडलं आणि अधिकाऱ्याने त्याला उत्पन्नाची चुकीची माहिती देणं ठरवलं, तर त्या कराच्या दोनशे टक्के दंड होऊ शकतो. ४६,८०० परत द्यायचे, वर ९३,६०० दंड, आणि व्याज वेगळं. या रकमेतला एकही रुपया ४,६८० घेणाऱ्याच्या खिशातून जात नाही. विवरणपत्रावर त्याचं नावच नसतं. खाली जे प्रतिज्ञापन असतं ते करदात्याचं, आणि आधारचा ओटीपी आलेला असतो तो करदात्याच्या मोबाइलवर.

कराच्या कामासाठी माणूस निवडताना ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायला हवी. कायद्याला करदाता दिसतो, मागे बसून भरणारा दिसत नाही. तेव्हा निवड चुकली तर तिची किंमत निवडणाऱ्यालाच मोजावी लागते.

आपल्याकडे ही निवड बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होते. ऑफिसातल्या कुणाला मागच्या वर्षी जास्त परतावा मिळाला, की सगळा विभाग त्याच्या माणसाकडे जातो. सोसायटीतल्या काकांचा भाचा 'रिटर्न भरतो', मग त्याच्याकडे कागद जातात. विवरणपत्र साधं असेल तोवर हे चालूनही जातं. नोटीस आल्यावर मात्र समोरचा माणूस नेमका कोण आहे हे विचारण्याची पाळी येते, आणि तोवर मुदतीचे निम्मे दिवस गेलेले असतात.

'कर सल्लागार' ही पाटी कुणालाही लावता येते. 'चार्टर्ड अकाउंटंट' ही मात्र लावता येत नाही. १ जुलै १९४९ रोजी स्थापन झालेल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचा सभासद असल्याशिवाय ते बिरुद वापरता येत नाही, आणि स्वतंत्र व्यवसाय करायचा तर सभासदत्वाखेरीज 'सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस' लागतं. सभासद क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर अठरा अक्षर-अंकांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तोही कुणालाही तपासता येतो. वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोव्याच्या एकत्रित बार कौन्सिलची असते. जीएसटीचं काम करणाऱ्या प्रॅक्टिशनरला वेगळी नोंदणी आणि परीक्षा असते. हे सगळं विचारण्यात कुणाचा अपमान नाही. जो खरा आहे तो क्रमांक सांगताना अडखळत नाही.

इथे एका वर्गाबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. १९६१ च्या आयकर कायद्याने सीए आणि वकील यांच्याखेरीज वाणिज्य किंवा कायद्याच्या पदवीधरांनाही करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याची मुभा दिली. करदात्याचा नातेवाईक किंवा पगारी नोकरही उभा राहू शकतो. तालुक्याच्या गावांत बी.कॉम. किंवा एलएल.बी. झालेले, विक्रीकराच्या काळापासून व्यापाऱ्यांच्या वह्या सांभाळणारे कितीतरी सल्लागार आहेत. पेठेतल्या कुठल्या दुकानाचा धंदा कसा चालतो हे त्यांना जेवढं ठाऊक असतं, तेवढं मोठ्या शहरातल्या काचेच्या ऑफिसात बसलेल्याला ठाऊक नसतं. अशा माणसाला केवळ नावापुढे सीए नाही म्हणून सोडू नये. त्याच्या कामाची हद्द कुठवर आहे, एवढं मात्र माहीत असावं.

ही हद्द कायद्यानेच आखलेली आहे. कायद्याने सक्तीचं केलेलं कर लेखापरीक्षण फक्त व्यवसाय करणारा सीएच करू शकतो. अधिकारी, त्यावर आयुक्त (अपील) आणि त्यावर आयकर अपील न्यायाधिकरण, इथपर्यंत सीए आणि वकील दोघंही बाजू मांडू शकतात. उच्च न्यायालयात वकीलच लागतो. आणि प्रकरण खटल्याकडे झुकत असेल, कर मुद्दाम चुकवल्याचा आरोप होण्याची चिन्हं असतील, तर पहिली भेट वकिलाचीच घ्यावी. त्याला कारण आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना पुराव्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. सीए गोपनीयतेला त्याच्या व्यवसायाच्या नियमांनी बांधलेला असतो, पण पुराव्याच्या कायद्यातलं ते संरक्षण त्याच्याशी झालेल्या बोलण्याला नाही. घाबरलेला माणूस पहिल्याच बैठकीत सगळं ओकून टाकतो. ते कुणासमोर ओकायचं, हे आधी ठरलेलं बरं.

मग भेटतो तो 'आत ओळख आहे' म्हणणारा. एके काळी या वाक्याला बाजारभाव होता. करदात्याचा अधिकारी त्याच्याच शहरात बसायचा, वकील आणि अधिकारी रोज एकमेकांना दिसायचे. १३ ऑगस्ट २०२० पासून चेहराविरहित तपासणीला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला अपिलंही त्या वाटेने गेली. आता सोलापूरच्या व्यापाऱ्याची फाइल कुठल्या शहरातलं कोणतं पथक पाहतंय, हे त्या व्यापाऱ्यालाही कळत नाही आणि त्याच्या सल्लागारालाही नाही. उत्तर पोर्टलवर लेखी जातं, सुनावणी मागितली तर ती व्हिडिओवर होते. काही प्रकरणं, विशेषतः छाप्यांनंतरची, अजूनही स्थानिक अधिकाऱ्याकडे असतात. पण सरसकट ओळखीची हमी देणारा माणूस एकतर जुन्या काळात वावरतोय, नाहीतर पैसे काढू पाहतोय. अशा माणसाकडून उठून यावं. लेखी उत्तर नेमकं, पुराव्यासकट आणि मुदतीत देणारा माणूसच आता उपयोगाचा आहे.

त्याची परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते. चांगला सल्लागार आधी कागद मागतो. नोटिशीचं कलम, करनिर्धारण वर्ष आणि उत्तराची तारीख या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तो 'काळजी करू नका' म्हणत नाही आणि 'मोठं प्रकरण आहे' असंही म्हणत नाही. आयकर विभागाकडून आलेली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे संकट नसतं. १९६१ च्या कायद्यातल्या कलम १४३(१) खालची सूचना म्हणजे बेंगळुरूच्या केंद्रातल्या संगणकाने केलेली ताळेबेरीज. तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात, एकात करदात्याने भरलेले आकडे आणि दुसऱ्यात विभागाने धरलेले. दोन्ही जुळले तर पुढे काही करायचं नसतं. त्याआधी फरकाबद्दल विचारणा आली तर तीस दिवसांत उत्तर द्यायचं. विवरणपत्र सदोष ठरलं तर कलम १३९(९) खाली पंधरा दिवस. कलम १४३(२) आलं तर ती छाननी, आणि कलम १४८अ म्हणजे जुनं वर्ष पुन्हा उघडायची तयारी. या शेवटच्या दोन ठिकाणी अनुभवी माणूस हवाच.

पहिल्या प्रकारात बऱ्याचदा कुणाचीच गरज नसते, हे सांगणारा सल्लागार भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. मालकाने कापलेला कर फॉर्म २६एएस मध्ये चढला नाही म्हणून मागणी निघाली, तर मालकाला त्याचं टीडीएस विवरणपत्र दुरुस्त करायला लावायचं आणि पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्या अर्जाला शुल्क नाही. एवढ्यासाठी निवृत्त शिक्षकाकडून पाच आकडी फी घेणं बरोबर नाही.

आणि मुळात नोटीस खरी आहे का, हेही पाहायचं. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, घालण्याचा नियम आहे. आयकर पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, तो क्रमांक घालून नोटीस तपासण्याची सोय आहे. दोन मिनिटांचं काम आहे. दुवा दाबायला लावणारे बनावट ई-मेल एवढ्यानेच उघडे पडतात.

खरी पारख होते ती विषयात शिरल्यावर. महाराष्ट्रात त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे जमीन. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या भोवतालच्या गावांत शेतजमीन विकली जाते, खरेदीखत नोंदवलं जातं, रक्कम बँकेत येते आणि ती माहिती विभागाकडे पोहोचते. शेतकऱ्याने कधी विवरणपत्रच भरलेलं नसतं. दोन-तीन वर्षांनी नोटीस येते, आणि घाबरलेल्या घरातून कुणीतरी ती घेऊन शहरात जातं. वरवर पाहणारा सल्लागार विक्रीच्या रकमेतून खरेदीची किंमत वजा करतो आणि कर भरायला सांगतो. जाणकार आधी सातबारा मागतो.

कारण ग्रामीण भागातली शेतजमीन कायद्याच्या व्याख्येनुसार भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण कुठवर, तेही ठरलेलं आहे. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांहून जास्त पण एक लाखाच्या आत असेल तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडे, एक ते दहा लाखांपर्यंत असेल तर सहा आणि दहा लाखांवर असेल तर आठ किलोमीटरपलीकडे. अंतर मोजायचं ते हवाई, सरळ रेषेत. पण हा हवाई मोजणीचा नियम २०१३ च्या दुरुस्तीने आला. त्याआधीच्या विक्रीला रस्त्याचं अंतर धरायचं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये दिला आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी परिपत्रक १७/२०१५ काढून तो मान्य केला. तेव्हा सल्लागाराने सातबाऱ्यावरची पीकपाहणी पाहिली का, अंतराचा अधिकृत दाखला आणायला सांगितला का, शेवटच्या जनगणनेतली लोकसंख्या काढली का, एवढ्यावरून त्याला हे काम येतं की नाही ते कळतं. किलोमीटर-दोन किलोमीटरच्या फरकावर एका कुटुंबाचे लाखो रुपये अवलंबून असतात.

रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन गेली असेल तर आणखी एक कागद महत्त्वाचा होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या कलम ९६ मुळे त्या कायद्याखालच्या निवाड्याने मिळालेल्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि मंडळाच्या परिपत्रक ३६/२०१६ ने ते स्पष्ट केलेलं आहे. तरीही कित्येक ठिकाणी मोबदल्यातून टीडीएस कापला जातो. कापलेला कर परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावंच लागतं. प्रकल्पग्रस्ताला हे सांगणारा माणूस तलाठी कार्यालयाच्या बाहेर बसत नाही, त्याला शोधावं लागतं.

जीएसटीतही हीच गत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरच्या जमा रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. त्यांतलं हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याचं प्रकरण देशभर गाजलं. चार वर्षांत १.६३ कोटींचे व्यवहार झाले म्हणून त्याच्याकडे सुमारे २९ लाखांची मागणी करण्यात आली होती. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. पण हे म्हणणं खरेदीच्या पावत्या जोडून, विभागाला समजेल अशा भाषेत लिहून द्यावं लागतं, आणि भाजीच्या गाडीवर बसलेल्या माणसाला तेवढ्यासाठी एका प्रामाणिक जाणकाराची गरज असते. अशाच वेळी त्याला गाठणारे भलतेच असतात. भीती ताजी असते आणि पैसे लगेच हातात पडतात.

गोव्यात मामला आणखी वेगळा. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेने नवरा-बायकोच्या मालमत्तेची समाईक मालकी मानली आहे. म्हणून आयकर कायद्यात १९९४ मध्ये कलम ५अ घातलं गेलं. या व्यवस्थेखालच्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, मग ते घरभाडं असो, धंदा असो, व्याज असो की जमीन विकून झालेला नफा, दोघांत निम्मंनिम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. त्यासाठी वेगळं परिशिष्ट आहे, आणि अशा करदात्याला सगळ्यात सोपा, पहिल्या क्रमांकाचा फॉर्म वापरताच येत नाही. मडगावच्या सल्लागाराला हे लहानपणापासून ठाऊक असल्यासारखं असतं. नोकरीसाठी पुण्यात किंवा मुंबईत आलेल्या गोवेकराने मात्र इथल्या माणसाला पहिलाच प्रश्न कलम ५अ बद्दल विचारावा. 'ते काय असतं?' असं उत्तर आलं तर दुसरं दार पाहावं.

हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या आयटी कंपन्यांतल्या मंडळींसाठीही असाच एक प्रश्न आहे. अमेरिकी मूळ कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून मिळालेले असतात. भारतात रहिवासी असलेल्या माणसाला ते परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता वीस लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून सूट मिळाली, पण माहिती देण्याची जबाबदारी टळलेली नाही. तेव्हा सल्लागाराला विचारावं: हे परिशिष्ट कुठल्या वर्षाचं भरायचं? आपलं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, पण १९६१ च्या कायद्याखालच्या विवरणपत्रांत या परिशिष्टापुरतं कॅलेंडर वर्ष धरलेलं आहे, ३१ डिसेंबरला संपणारं. ज्याने हे काम खरोखर केलंय त्याला हे आठवावंही लागत नाही.

समुद्रापलीकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची अडचण याच्या उलट असते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्यांची ठाण्या-पुण्यात बँक खाती, आईवडिलांबरोबरच्या संयुक्त ठेवी, जुने म्युच्युअल फंड तसेच राहिलेले असतात. अशा सगळ्या परदेशी खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी तिथे वेगळी माहिती द्यावी लागते, आणि भारतीय म्युच्युअल फंडांना तिथल्या कायद्यात अतिशय जाचक नियम लागू होतात. भारतातला सीए हे पाहू शकत नाही आणि गल्लीतल्या अमेरिकी विवरणपत्रवाल्यालाही बहुधा ते माहीत नसतं. तिथे सीपीए, वकील आणि सरकारकडून परवाना मिळालेला एनरोल्ड एजंट या तिघांनाच करखात्यापुढे कुठल्याही प्रकरणात उभं राहता येतं. पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्याला त्यावर सही आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक घालावाच लागतो. सही न करणाऱ्यापासून सावध राहा, असं तिथलं करखातं दरवर्षी बजावतं. भारतातही भरून देणाऱ्याचा क्रमांक प्रत्येक विवरणपत्रावर असता, तर १४ जुलैची पथकं कदाचित काही वर्षं आधीच निघाली असती.

कायदा बदलतो तसा माणूस बदलतोय का, हेही पाहावं लागतं. १९६१ चा कायदा जाऊन नवा आयकर कायदा, २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. कलमांचे क्रमांक बदलले, 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, पण आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालायची आहेत. म्हणजे येती काही वर्षं सल्लागाराच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी हवीत. ज्याला वर्षभर अभ्यास करायला वेळ नाही आणि जो फक्त जुलैत दिसतो, त्याच्याकडे गुंतागुंतीचं प्रकरण देऊ नये. सल्लागार कुठल्या व्यावसायिक संघटनेत वावरतो, यावरून बरंच कळतं. मुंबईत १९२६ पासून असलेल्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सचं अलीकडचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्राच्या संगणकीय प्रणालीत बदल झाला आणि कलम ८७अ ची करसवलत अनेक लहान करदात्यांना मागताच येईना. चेंबरने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या डिसेंबरमधल्या आदेशानंतर विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली आणि २४ जानेवारीला न्यायालयाने दावा करण्याची वाट खुली ठेवायला सांगितलं. सवलत मिळेल की नाही ते पुढे कायद्याने ठरेल, पण प्रणालीने दार आधीच लावून घ्यायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. असल्या घडामोडी ज्याला वेळेवर कळतात, त्याच्या अशिलाचा हक्क मुदत उलटून वाया जात नाही.

मोठं नाव हा मात्र पुरावा नव्हे. प्राइस वॉटरहाउस कूपर्स या जगभर हिशेब तपासणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्याच विवरणपत्रात चूक राहिली होती. ग्रॅच्युइटीसाठीची सुमारे २३.७० लाखांची तरतूद करातून वजा होणार नाही, असं त्यांच्याच कर लेखापरीक्षण अहवालात स्पष्ट लिहिलेलं होतं, पण विवरणपत्रात ती रक्कम उत्पन्नात मिळवायची राहून गेली. दंडाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने ही अनवधानाने झालेली मानवी चूक मानून दंड रद्द केला, आणि तसं मानताना ती रक्कम अहवालात उघडपणे नमूद होती याला महत्त्व दिलं. सामान्य करदात्याने यातून घेण्यासारखी गोष्ट हीच. चूक कुणाच्याही हातून होते, पण कागदावर सगळं उघड असेल तर बचावाला जागा राहते. काही लपवून 'बघू पुढे' म्हणणारा सल्लागार ती जागाच घालवून टाकतो.

पैशांचं बोलणं आधीच आणि लेखी व्हावं. वकिलांना निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, आणि सीएंच्या आचारनियमांनीही अशा फीवर बंधनं घातली आहेत. तेव्हा 'परतावा येईल त्यात माझे दहा टक्के' ही भाषा ऐकली की सावध व्हावं. जितका परतावा फुगेल तितका सांगणाऱ्याचा फायदा, आणि तो फुगवायला त्याला काही खर्च येत नाही. त्यापेक्षा एका पानाचं पत्र करून घ्यावं: कुठल्या वर्षाची कुठली नोटीस, उत्तर कोण लिहिणार, अपील करावं लागलं तर त्याची फी वेगळी की यातच, आणि पोर्टलवर काहीही चढवण्याआधी मसुदा दाखवणार की नाही. मसुदा दाखवायला तयार नसलेल्या माणसाला काम देऊ नये.

लॉगिन मात्र कुणाच्याही स्वाधीन करू नये. पोर्टलवर 'माय प्रोफाइल'मध्ये जाऊन पाहिलं तर कित्येकांना तिथे स्वतःचा मोबाइल क्रमांक दिसत नाही, दहा वर्षांपूर्वीच्या सल्लागाराचा दिसतो. मुख्य क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच हवा, सल्लागाराचा हवा तर दुय्यम म्हणून. अपिलाच्या फॉर्म ३५ मध्ये तर याला फारच महत्त्व आहे. त्यात वस्तुस्थिती हजार शब्दांत आणि प्रत्येक मुद्दा शंभर शब्दांत मांडायचा असतो, यावर सगळे मेहनत घेतात. नोटिसा कुठल्या ई-मेलवर पाठवायच्या हा रकाना घाईत भरला जातो. सल्लागाराचा पत्ता घातला, त्याने ऑफिस बदललं किंवा फी थकली म्हणून लक्ष काढून घेतलं, की सुनावणीच्या तारखा उलटत जातात आणि अपील एकतर्फी फेटाळलं जातं. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीच्या न्यायाधिकरणांपुढे मग उशीर माफ करण्याचे अर्ज येतात. वकिलाच्या हलगर्जीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलं होतं, आणि ते वचन या अर्जांत हमखास असतं. पुष्कळदा उशीर माफ होतो. पण करदात्याने स्वतः काय काय केलं, कधी विचारणा केली, हे प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं, आणि तिथे दाखवायला काही नसेल तर नाही होत.

ज्यांनी खोटी वजावट घालून घेतली आणि ज्यांना आता झोप लागत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे, फक्त ती वेळेवर धरली पाहिजे. २०२५ च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्राची मुदत चोवीस महिन्यांवरून अठ्ठेचाळीस महिन्यांवर नेली. पहिल्या वर्षात कर आणि व्याजाच्या पंचवीस टक्के जादा, मग पन्नास, साठ आणि सत्तर. विभागाने आधी प्रकरण हाती घेतलं की ही वाट अरुंद होते. इथे चांगल्या सल्लागाराची ओळख अशी की तो अशिलाला आपणहून भरायला सांगतो, भलेही त्यात त्याला स्वतःला फारसं मिळणार नसेल.

आणि माणूस बदलायचा असेल तर मध्येच बदलायलाही हरकत नाही. पोर्टलवर दिलेलं अधिकारपत्र काढून घेता येतं. जुन्या सल्लागाराकडून दाखल केलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत, पोर्टलची पोच, चलनं आणि मूळ कागद मागून घ्यावेत, आणि ही मागणी लेखी करावी. ई-प्रोसीडिंग्जच्या पानावर आजवर काय काय चढवलं गेलंय ते स्वतः उघडून, तारखांसकट उतरवून, नव्या माणसापुढे ठेवावं. सीएने गैरवर्तन केलं असेल तर त्याच्या संस्थेकडे आणि वकिलाने केलं असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. पाटीवर नुसतं 'कर सल्लागार' असेल, तर तक्रार ऐकणारी अशी संस्थाच नसते. मग उरतो तो ग्राहक आयोग किंवा पोलीस ठाणं, आणि दोन्हीकडे पहिल्यांदा मागितली जाते ती फी दिल्याची पावती.